मनोविकृतीतील बोधनिक वर्तनोपचार : स्वरूप, कार्यपद्धती आणि मर्यादा

सारांश

स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मानसिक आजारात रुग्णाशी त्याच्या भासांविषयी वा संशयांविषयी बोलू नये, असा समज अभ्यासक्रमांत आणि घराघरांत दीर्घकाळ रूढ होता. बोधनिक वर्तनोपचाराने त्यास छेद दिला. प्रस्तुत लेखात या उपचाराचा उगम, त्याची प्रत्यक्ष कार्यपद्धती व त्याच्या परिणामकारकतेविषयीचा वाद यांचे विवेचन केले आहे. विवेकनिष्ठ मानसोपचाराशी परिचित असलेल्या मराठी समुपदेशकाने येथे कोणती सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : मनोविकृती, भ्रम, भास, बोधनिक वर्तनोपचार, समुपदेशन, कुटुंब

प्रस्तावना

"शेजारचे लोक भिंतीपलीकडून माझ्याविषयी बोलतात," असे घरातील एखादा तरुण सांगू लागला की घरची माणसे बहुधा दोहोंपैकी एक मार्ग पत्करतात. एक तर ती त्याला समजावू लागतात. भिंतीला कान लावून दाखवतात, शेजाऱ्यांना बोलावून आणतात, शपथा घालतात. किंवा मग विषय टाळतात. त्याने बोलायला तोंड उघडले की ताट वाढायला घेतात. दोन्ही गोष्टी मायेपोटीच घडतात आणि दोन्हींचा परिणाम सारखाच होतो : तो तरुण बोलायचे थांबतो. त्याची समजूत मात्र जागची हलत नाही.

अशा अवस्थेस मानसशास्त्रात मनोविकृती म्हणतात. इंग्रजीतील 'सायकोसिस' ही संज्ञा आता मराठी वाचकांनाही अपरिचित राहिलेली नाही. या अवस्थेत व्यक्तीचा वास्तवाशी असलेला सांधा निखळतो. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येणे, न दिसणारे दिसणे, हे भास होत. तर कोणी आपला पाठलाग करीत आहे, आपले विचार चोरले जात आहेत अशा ठाम व पुराव्याने न ढळणाऱ्या समजुती म्हणजे भ्रम. स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता हा मनोविकृतीचा सर्वांत परिचित प्रकार असला, तरी तीव्र नैराश्यात, द्विध्रुवी विकारात किंवा मादक द्रव्यांच्या सेवनानेही ही अवस्था उद्भवू शकते. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात अशा विकारांचे आयुष्यातील प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे 1.4 टक्के आढळले. म्हणजे शंभर प्रौढांमागे एकाहून अधिक. हा विषय केवळ रुग्णालयाच्या भिंतींआडचा नाही, हे यावरून ध्यानात यावे.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. अशा व्यक्तीशी तिच्या भ्रमाविषयी बोलता येते काय, आणि येत असल्यास कसे?

'न कळणारा' रुग्ण

जर्मन मनोविकारतज्ज्ञ व तत्त्वचिंतक कार्ल यास्पर्स यांनी 1913 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, खरा भ्रम हा सहानुभूतीने समजून घेता येण्याजोगा नसतो. त्याचे कारण सांगता येईल, पण त्याचा अर्थ लागणार नाही. यास्पर्स स्वतः रुग्णाचे अनुभव अत्यंत काळजीपूर्वक ऐकणारे होते. परंतु पुढील पिढ्यांनी त्यांच्या सिद्धान्तातून सोयीचा तेवढा बोध घेतला : जे समजतच नाही त्याविषयी बोलावे कशाला? बोलल्याने भ्रमास खतपाणी मिळते, अशी पुस्तीही त्यास जोडली गेली. भ्रमाचे अस्तित्व नोंदवावे, आशय सोडून द्यावा, औषध लिहावे, अशी रीत पडली.

1952 हे वर्ष या संदर्भात लक्षणीय ठरते. त्या वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकृतीवरील उपयोग सिद्ध होऊ लागला आणि मनोविकारशास्त्राचा चेहरामोहरा बदलला. त्याच वर्षी अमेरिकेत आरन बेक या तरुण मनोविकारतज्ज्ञाने एका माजी सैनिकाच्या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सरकारी गुप्तहेर आपल्यावर पाळत ठेवतात, असा या रुग्णाचा अनेक वर्षांचा भ्रम होता. बेक यांनी तो खोडून काढला नाही. भ्रम केव्हा व कोणत्या परिस्थितीत सुरू झाला याचा त्यांनी रुग्णासह मागोवा घेतला आणि ज्या ज्या माणसांविषयी संशय होता त्यांचे बारकाईने निरीक्षण करण्यास त्याला प्रवृत्त केले. संशयितांची यादी हळूहळू आकुंचित झाली. औषधाच्या वार्तेने जग दुमदुमले. हा वृत्तांत मात्र जवळजवळ चार दशके पडून राहिला. बेक स्वतः नैराश्याच्या अभ्यासाकडे वळले आणि त्यातूनच बोधनिक उपचारपद्धती नावारूपास आली.

तिचा मनोविकृतीकडे परतीचा प्रवास घडला तो 1990 च्या दशकातील ब्रिटनमध्ये. डेव्हिड किंग्डन व डग्लस टर्किंग्टन, फिलिपा गॅरेटी, एलिझाबेथ कायपर्स, डेव्हिड फाउलर, निकोलस टॅरिअर, मॅक्स बर्चवूड, पॉल चॅडविक ही त्यातील ठळक नावे. औषधे घेऊनही ज्यांचे भास व भ्रम शमत नाहीत अशा रुग्णांचे काय करावे, हा त्यांच्यापुढील रोकडा प्रश्न होता. औषधांना विरोध म्हणून ही पद्धती जन्मास आली नाही, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. कारण आपल्याकडे "समुपदेशन चालू आहे ना, मग गोळ्या कशाला" असे म्हणणारे नातेवाईक भेटतात. गोळ्या परस्पर बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो.

सैद्धान्तिक बैठक

भ्रम हा निरर्थक नसून विलक्षण अनुभवाचे स्पष्टीकरण शोधण्याचा प्रयत्न होय, अशी मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रेंडन माहर यांनी 1974 मध्ये केली. रिकाम्या खोलीत कोणी नाव घेऊन हाक मारली तर आपणही कारण शोधू. रुग्णही तेच करतो. प्रश्न उरतो तो एवढाच की, अनेक संभाव्य कारणांपैकी तो सर्वांत भयावह कारणावरच का स्थिरावतो.

याच्या उत्तराचा एक धागा गॅरेटी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मणिप्रयोगात सापडतो. दोन बरण्या असतात. एकीत 85 मणी एका रंगाचे व 15 दुसऱ्या रंगाचे. दुसरीत याच्या उलट. नजरेआड ठेवलेल्या एका बरणीतून एकेक मणी काढून दाखवला जातो आणि ही बरणी कोणती ते खात्री वाटेल तेव्हा सांगायचे असते. भ्रम असलेल्या व्यक्तींपैकी पुष्कळजण एकदोन मण्यांतच निर्णय देतात. इतर लोक आणखी काही मणी पाहू इच्छितात. यास 'निष्कर्षावर उडी घेण्याची प्रवृत्ती' असे म्हटले जाते. ती सर्वच रुग्णांत आढळत नाही आणि निरोगी माणसांतही आढळते (निवडणुकीच्या दिवसांत तर ती सार्वत्रिकच असते). परंतु तीस चिंतेची, निद्रानाशाची व एकाकीपणाची जोड मिळाली की भ्रम पक्का होण्यास अनुकूल भूमी तयार होते.

आवाजांच्या बाबतीत चॅडविक व बर्चवूड यांचा 1994 चा निबंध महत्त्वाचा आहे. आवाज काय बोलतो यापेक्षा तो किती सामर्थ्यवान आहे, त्याचा हेतू काय आहे, त्याचे न ऐकल्यास काय होईल, याविषयी रुग्णाच्या ज्या धारणा असतात त्यांवर त्याचे दुःख अवलंबून असते, असे त्यांनी दाखवून दिले. यास पूरक पार्श्वभूमी नेदरलँड्समध्ये तयार झाली होती. मनोविकारतज्ज्ञ मारिउस रोम हे 1987 मध्ये आपल्या एका रुग्णेसह दूरचित्रवाणीवर आले आणि आवाज ऐकू येणाऱ्यांनी संपर्क साधावा, असे आवाहन त्यांनी केले. प्रतिसाद देणाऱ्यांपैकी सुमारे 450 जणांना असे आवाज येत होते आणि त्यांतील जवळजवळ एकतृतीयांश लोक त्या आवाजांसह बऱ्यापैकी जगत होते. आवाज येणे आणि आवाजाने उद्ध्वस्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव तेथून पुढे आली.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

उपचाराचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी राहणारा, कारकुनी करणारा सव्वीस वर्षांचा एक तरुण. रस्त्याने जाताना लोक मुद्दाम खोकतात, आणि ते खोकणे म्हणजे आपल्याविषयी परस्परांना दिलेली खूण होय, अशी त्याची खात्री आहे. त्याने एस. टी. स्टँडकडे जाणे सोडले आहे. बाहेर पडलाच तर मागच्या बोळातून, तोंडाला रुमाल बांधून. नोकरी जाण्याच्या बेतात आहे. औषधे सुरू आहेत. झोप सुधारली आहे, पण समजूत कायम आहे.

पहिल्या काही भेटींत उपचारक फक्त ऐकतो. "तुम्हाला हे पहिल्यांदा केव्हा जाणवलं? त्या सुमारास घरी काय चाललं होतं?" वडिलांचे निधन, पाठोपाठ रात्रपाळ्या, चार रात्री झोप नाही, आणि पाचव्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर तिघेजण एकामागून एक खोकले. घटनाक्रम असा मांडला गेला की तरुणालाही तो नवा वाटतो. 'आपल्याला वेड लागले' आणि 'आपल्याविरुद्ध कट आहे' या दोनच शक्यता त्याच्यापुढे आजवर होत्या. निद्रानाशात व शोकात कोणाच्याही मनाचे असे होऊ शकते, ही तिसरी शक्यता आता समोर येते. यास अनुभवाचे सामान्यीकरण म्हणतात. वेल्समधील डॉक्टर ड्यूई रीस यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 293 विधवा-विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांना दिवंगत जोडीदाराचे कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे भास झाल्याचे, आणि सुमारे 13 टक्क्यांना त्याचा आवाज ऐकू आल्याचे आढळले होते. ही माणसे मनोरुग्ण नव्हती. असा एखादा दाखला रुग्णाच्या मनावरील लाजेचे ओझे उतरवण्यास साहाय्यभूत ठरतो.

त्यानंतर उपचारक विचारतो, "लोक खूण म्हणून खोकतात, याची तुम्हाला शंभरपैकी किती खात्री वाटते?" तरुण म्हणतो, "नव्वद." उपचारक त्या नव्वदांवर हल्ला चढवत नाही. उरलेल्या दहांविषयी तो कुतूहल दाखवतो. त्या दहांत काय आहे? धूळ, थंडी, विडी, सवय. ही यादी तरुणाने स्वतः केलेली असावी लागते. उपचारकाने पुरवलेली यादी उपयोगाची नसते. मग दोघे मिळून एक तपासणी ठरवतात. सकाळी स्टँडसमोर दहा मिनिटे उघडपणे उभे राहायचे व खोकणारे मोजायचे. पुढची दहा मिनिटे कोणाला दिसणार नाही अशा बेताने रिक्षात बसून मोजायचे. खोकणे ही त्याच्यासाठी खूण असेल, तर दोन आकड्यांत फरक पडला पाहिजे. कोणता निकाल आला तर काय समजायचे, हे आधीच वहीत लिहिले जाते. रुमाल न बांधता जायचे की बांधून, यावरच एक संपूर्ण भेट खर्ची पडते. कारण ज्या खबरदारीमुळे आपण वाचलो असे त्याला वाटते, तीच त्याला आपली समजूत तपासून पाहू देत नाही.

समजा, दोन्ही वेळचे आकडे जवळपास सारखे आले. म्हणून तो तरुण "माझे चुकले" असे म्हणत नाही. "आज ते सावध असतील," असेही तो म्हणू शकेल आणि उपचारकास तेही वहीत लिहून घ्यावे लागते. अशा दोनचार तपासण्यांनंतर नव्वदांचे साठ होतात. कधी पुन्हा पंचाहत्तर होतात. मात्र याच काळात तो समोरच्या रस्त्याने कचेरीत जाऊ लागला, तर उपचाराचे एक मोठे उद्दिष्ट साध्य झाले असे मानले जाते. भ्रम समूळ नाहीसा होणे हे उद्दिष्ट नसते. भीती, दुःख आणि त्यांपायी आक्रसलेले जगणे हे उपचाराचे लक्ष्य असते.

आज्ञा करणाऱ्या आवाजांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. बर्चवूड व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 197 रुग्ण होते. आवाज सर्वशक्तिमान आहे ही धारणा तपासण्यावर त्यांनी भर दिला. आवाजाने धमकी दिली, आज्ञा पाळली गेली नाही, पुढे काय झाले? दीड वर्षानंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी 28 टक्के रुग्णांनी आवाजाची आज्ञा पाळल्याचे दिसले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 46 टक्के होते. आज्ञा स्वतःस वा इतरांस इजा करण्याची असू शकते, हे लक्षात घेता हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही. विशेष म्हणजे आवाज थांबले नव्हते.

विवेकनिष्ठ परंपरा आणि एक सावधगिरी

महाराष्ट्रात बोधनिक उपचारांची ओळख प्रामुख्याने झाली ती अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या द्वारे. कि. मो. फडके यांनी हा विचार मराठीत रुजवला. समुपदेशकांच्या पिढ्या त्यावर घडल्या. अविवेकी समजुतीस थेट आव्हान द्यावे, तिचा पुरावा मागावा, तर्काने तिचा पाया उखडावा, हे या पद्धतीचे बळ आहे. चिंता, राग, अपराधभाव यांत ते गुणकारी ठरते. 'सर्वांनी मला चांगलेच म्हटले पाहिजे' या समजुतीशी वाद घालता येतो.

'माझ्या जेवणात विष घालतात' या समजुतीशी मात्र असा वाद घालणे अनिष्ट ठरते. पदव्युत्तर वर्गात भूमिकाभिनय घेताना प्रस्तुत लेखकास वारंवार आढळते की, 'रुग्णा'ने आपला संशय सांगताच समोरचा हुशार विद्यार्थी पहिल्याच मिनिटाला "पुरावा काय?" असे विचारतो. प्रश्न योग्य असतो, वेळ चुकीची असते. छळ होत असल्याची भावना असलेल्या माणसास हा प्रश्न उलटतपासणीसारखा भासतो आणि उपचारकही त्या कटात सामील झाल्याचे त्याच्या मनात नोंदले जाते. बेक यांनी ज्यास सहयोगी शोध म्हटले, त्यात पुरावा मागितला जात नाही. तो दोघांनी मिळून शोधला जातो. फरक शब्दांचा नसून बसण्याच्या जागेचा आहे : समोर नव्हे, शेजारी.

दुसरी सावधगिरी संस्कृतीसंबंधी आहे. तान्या लुरमन, आर. पद्मावती व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील सॅन मातेओ, घानातील आक्रा व चेन्नई येथील प्रत्येकी 20 रुग्णांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. अमेरिकन रुग्णांना आवाज हे बहुधा मेंदूच्या आजाराचे, हिंसक आक्रमण वाटत. चेन्नईतील अनेकांना ते नातलगांचे आवाज वाटत आणि ते घरकामाच्या सूचना देत, रागे भरत. आपल्याकडील रुग्णाचा आवाज आत्याचा वा सासूचा असेल, तर 'ही तुझ्या मेंदूची निर्मिती' असे सांगून फारसे साधत नाही. आत्याशी काय बोलायचे राहून गेले, हा प्रश्न अधिक फलद्रूप ठरतो. करणी वा बाहेरची बाधा अशी समजूत तर रुग्णाचीच नव्हे, संपूर्ण घराची असू शकते. मग तीस भ्रम म्हणावे काय? निदानशास्त्र याचे उत्तर नकारार्थी देते. समाजात सर्वमान्य असलेली श्रद्धा ही भ्रम ठरत नाही. परंतु या श्रद्धेपोटी औषध थांबत असेल वा रुग्णास मारहाण होत असेल, तर उपचारकास गप्प राहता येणार नाही. 2013 च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी कायद्याचे येथे साहाय्य होते. मात्र कायद्याचा धाक घालून कुटुंबाचा विश्वास मिळत नाही, हेही अनुभवास येते.

परिणामकारकतेचा वाद

या उपचाराविषयीचा उत्साह आणि त्याची सिद्धता यांत अंतर आहे, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. टॉम सेन्स्की व सहकाऱ्यांची 2000 सालची चाचणी बहुचर्चित आहे. औषधांना दाद न देणाऱ्या 90 रुग्णांपैकी काहींना हा उपचार, तर काहींना केवळ मैत्रीपूर्ण गप्पांचा सहवास देण्यात आला. छंद, खेळ असे विषय, आजाराची चर्चा नाही. नऊ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते! त्यापुढील नऊ महिन्यांत मात्र उपचार मिळालेल्या गटाची सुधारणा टिकली व वाढली. या निष्कर्षाची पहिली बाजूही विसरता कामा नये. कोणी नियमित येऊन आस्थेने बोलते, एवढ्यानेही माणूस सावरतो.

ब्रिटनमधील नाइस या संस्थेने 2002 पासून आपल्या मार्गदर्शिकेत या उपचाराचा समावेश केला. 2014 च्या आवृत्तीत किमान 16 नियोजित वैयक्तिक भेटींची शिफारस आहे. त्याच वर्षी समीर जौहर व सहकाऱ्यांनी उपलब्ध चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. एकूण लक्षणांवरील परिणाम 0.33, तर भास-भ्रमांवरील 0.25 इतका, म्हणजे लहानच आढळला. मूल्यमापन करणाऱ्यास रुग्ण कोणत्या गटातील आहे हे ठाऊक नसेल, अशा काटेकोर चाचण्यांत तो आणखी घटला. क्लोझापिनसारख्या औषधानेही न सुधारलेल्या 487 रुग्णांवरील 2018 च्या चाचणीत 21 महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांहून सरस परिणाम दिसला नाही.

समर्थकांचे म्हणणे असे की, लक्षणांची बेरीज हे मोजमापच चुकीचे आहे. पाहावयाचे ते दुःख व जगण्याची व्याप्ती. या म्हणण्यात तथ्य आहे, तथापि हरलेल्या खेळाचे नियम मागाहून बदलल्यासारखेही ते वाटते. यापेक्षा ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांचा मार्ग अधिक समाधानकारक आहे. त्यांनी भ्रमास पोसणारा एकेक घटक वेगळा काढला. 2015 च्या त्यांच्या चाचणीत 150 रुग्णांच्या केवळ काळजी करण्याच्या सवयीवर सहा भेटी देण्यात आल्या आणि छळाच्या भ्रमातही घट झाली. पुढे झोप, आत्मविश्वास, खबरदारीच्या सवयी यांची जोड देऊन तयार केलेल्या उपचाराची 130 रुग्णांवरील चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तुलनेसाठी तेथेही मैत्रीपूर्ण सहवासच होता. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचा भ्रम ओसरला.

महाराष्ट्रातील शक्यता

येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दी ज्याने पाहिली आहे, त्यास सोळा वैयक्तिक भेटींची कल्पना स्वप्नवत वाटेल. प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मोजके आणि तेही शहरांत. सातारा, गोवा व तमिळनाडू येथे 282 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने एक वेगळी वाट दाखवली. स्थानिक, अल्पप्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रुग्णास व कुटुंबास आधार, माहिती व पुनर्वसनाचे साहाय्य दिले. लक्षणे व अक्षमता यांत माफक सुधारणा झाली. हा बोधनिक वर्तनोपचार नव्हता. परंतु असा कार्यकर्ता झोप व काळजी यांवरील फ्रीमन यांच्यासारख्या सुट्या, छोट्या उपचारांचे प्रशिक्षण घेऊ शकेल काय, हे तपासणे आपल्या विद्यापीठीय संशोधनास शक्य आहे. पदव्युत्तर प्रबंधांतील 'समायोजन' व 'आत्मसंकल्पना' यांच्या अंतहीन प्रश्नावल्यांपेक्षा ते निश्चितच उपयुक्त ठरेल.

आणखी एक फरक आहे. ब्रिटिश आराखड्यात रुग्ण एकटा येतो. आपल्याकडे त्याच्यासमवेत आई असते आणि आठवड्यातील एक तास वगळता उरलेला सर्व काळ तीच त्याच्यासह असते. तीस तपासण्या करवून घेण्यास सांगू नये. ते काम उपचारकाचे. मात्र वाद न घालता आणि होकारही न भरता बोलण्याची रीत तिला शिकवता येते : "तुला ऐकू येतंय ते मला नाही रे येत. पण तू घाबरलायस ते दिसतंय मला. मी बसते इथं." आणि जेवण, झोप तुटली, गोळ्या थुंकल्या जाऊ लागल्या किंवा आवाज जीव देण्याची वा घेण्याची आज्ञा करू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, हे तिला पहिल्याच भेटीत, कागदावर लिहून द्यावे.